मनगटानं ऐकणारी भिवरा

फार वर्षांपूर्वी, घाटाला गाडीवाट नव्हती आणि बांगडी माणसाच्या खांद्यावर बसून गावाला यायची, त्या काळातली ही गोष्ट. ऐकायची तर बसून ऐका. शेंगा फोडत ऐकणाऱ्यांनी आधी शेंगा संपवाव्यात.

त्या काळी भिवरा नावाची एक कासारीण होती. नवरा भट्टीवर काच वळायचा, आणि ती बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून डोंगराकडच्या गावांना फिरायची. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. देवी गेल्या, पण जाताना तिचे दोन्ही कान घेऊन गेल्या. ढग गडगडला की तिला छातीत कळायचं, बैल उधळला की तळपायात कळायचं. बाकीचं जग तिच्यापुढं नुसतं ओठ हलवायचं. लोक तिला बहिरी भिवरा म्हणायचे, आणि तिच्या तोंडावर म्हणायचे. बहिऱ्याला काय कळतंय, असं ज्यांना वाटतं, ते तोंडावरच बोलतात. भिवराला ओठांवरून सगळं कळायचं. ती हसायची, आणि पुढच्या खेपेला त्या दारापुढून न थांबता जायची.

तिच्या हाताला मात्र तोड नव्हती. बांगडी भरणं म्हणजे नुसती काच सरकवणं नव्हे. हात हातात घ्यायचा, अंगठ्याचं मूळ चोळायचं, बोटं गोळा करायची, आणि बाईला बोलतं करायचं. बोलणारीचा हात सैल पडतो. मनात काही दाबून धरलेलं असलं की हात आखडतो, आणि बांगडी चढता चढता वाढते. फुटली असं म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, एवढं तरी ठाऊक असेल तुम्हाला.

म्हणून भिवरा समोर बसणारीला म्हणायची, "माझ्याकडं तोंड करून बोल, बये, आन समदं बोल. अर्धं बोललीस तर बांगडी अर्ध्यात अडकंल."

बाया बोलायच्या. सासू-नणंदेचं, पोटदुखीचं, न झालेल्या पोराचं, झालेल्या पोराचं. भिवरा ओठांकडं बघायची आणि अंगठा मनगटावर ठेवायची. तोंड एक सांगत असलं आणि हात दुसरंच, तर तिला त्या अंगठ्याखाली कळायचं. ती मनगटानं ऐकायची, असं म्हणतात.

आता त्या गावाचं ऐका. धोंडसावळी त्याचं नाव. डोंगराच्या कुशीत, ओढ्याच्या काठाला. गाव वाईट नव्हतं. वाईट गाव असं कुठं नसतंच. नुसते कान झाकून बसलेले लोक असतात.

धोंडसावळीची गावकी पिंपळाच्या पारावर भरायची. पुरुष पारावर बसायचे. बाया बसायच्या कुडामागं. कारवीच्या काड्यांचा, शेणानं लिंपलेला तो कूड, पलीकडचं माणूस दिसू नये एवढा उंच. बायांनी गावकीत तोंड उघडायचं नाही, हा नेम. पण कुण्या एका जुन्या माणसाला वाटलं होतं, बायांनाही विचारावं. भला माणूस असणार. पण त्याच्या डोक्यातूनही निम्मीच भली गोष्ट निघाली. तो म्हणाला, बायांनी बोलू नये. पटलं तर चुडा वाजवावा. वाजला तर हो. नाही वाजला तर नाही.

तुम्हीच सांगा, मनगटं भरभरून काच ल्यालेल्या गावभरच्या बाया एका जागी बसल्या, तर चुडा वाजायचा राहील का? कुणी माशी हाकलणार, कुणी पोराला थोपटणार, कुणी पदर सारखा करणार. काच आहे, वाजणारच. वाजला की पाटील पारावरून मान हलवायचा आणि म्हणायचा, "बायांचं हो आहे." जवळची विहीर जनावरांना ठेवली आणि बायांना पाण्याला ओढ्याच्या उतारावर धाडलं, तेव्हाही बायांचं होच होतं. किती पिढ्या गेल्या, पण धोंडसावळीच्या बाया कधी नाही म्हणाल्या नाहीत. मोठ्या समजूतदार हो आमच्या बाया, असं पुरुष पाव्हण्यांना सांगायचे!

आणि ज्यांचे हात मोकळे, त्यांचं काय? नवरा मेला की बांगड्या फोडायच्या. म्हणजे नवऱ्याच्या सरणाबरोबर बाईचा हो आणि बाईचा नाही, दोन्ही जाळून टाकायचे. याचा विचार त्या भल्या माणसाला सुचला नाही, आणि पुढं कुणाला सुचावा असं गावानं काही केलं नाही.

त्या वेळी पाटील होता हैबती. त्याच्या कानांची पंचक्रोशीत ख्याती होती. डोंगरापल्याड चरणाऱ्या गाईची घंटा ऐकून गाय कुणाची ते तो सांगायचा, असं म्हणतात. घरच्या बाईचं त्यानं काही ऐकल्याचं मात्र कुणी सांगत नाही.

एका श्रावणात, पंचमी तोंडावर आली असताना, भिवरा धोंडसावळीत आली. पंचमीला नवा चुडा पाहिजे म्हणून बाया तिची वाट बघायच्या. चिमाआजीच्या ओसरीवर तिनं माळा सोडल्या, घोंगडी टाकली, पहिलीचा हात घेतला. बांगडी वाढली. दुसरीचा घेतला, तीही वाढली. तिसरीचा हात तर लाकडाच्या फळीसारखा. भिवराच्या पुढ्यात हिरव्या काचांचा ढीग झाला. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

"काय झालंय गं गावाला?" तिनं विचारलं.

बायांनी माना खाली घातल्या. मान खाली घातली की भिवराला ऐकू येत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

चिमाआजी सांगायला लागली. पण तिच्या तोंडात दात नव्हते, आणि बिनदाताच्या ओठांचं वाचन भिवराला जड जायचं. "तू गप, आजी," ती म्हणाली, "तुझं तोंड म्हंजी रिकामी पिशवी. काय उतरतंय काय चढतंय, कळत न्हाई." चिमाआजीनं तिला एक शिवी दिली. ती मात्र भिवराला बरोबर कळली.

मग तिनं समोरच्या बाईची हनुवटी धरून तोंड वर केलं. "बोल."

तेव्हा कळलं. आवडाचा नवरा जेठात साप चावून गेला होता. आवडा पंचविशीही न गाठलेली, आणि पोर अजून अंगावर पिणारं. नवऱ्याचा थोरला भाऊ बयाजी, त्याला मूलबाळ नव्हतं. त्यानं गावकीपुढं गोष्ट टाकली, की भावाचं पोर माझ्या बायकोच्या, हौसाच्या, पदरात घाला आणि आवडाला माहेरी धाडा. पोराबरोबर भावाचा ओढ्याकाठचा तुकडाही त्याच्याकडं जाणार होता. ते तो बोलला नाही. सगळ्यांना दिसत होतं, म्हणून कुणीच बोललं नाही.

"मग तुमास्नी विचारलं न्हाई व्हय पाटलानं?" भिवरानं विचारलं.

"विचारलं की."

"मग?"

ती बाई रडायला लागली. "पाटील म्हनला, बायांचं काय? आन आमास्नी रडू फुटलं, भिवराक्का. समद्यांस्नी एकदम. आवडा मधी बसलेली, पोर पाजत. डोळं पुसायला हात वर केला आमी..."

पुढचं सांगायला नको होतं. सगळ्या गावच्या बायांनी एकदम डोळे पुसायला हात वर केले, आणि सगळे चुडे एकदम वाजले. इतका मोठा हो हैबती पाटलानं उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

भिवरानं काचा पदरानं बाजूला सारल्या. ओसरीच्या खाली, पागोळ्यांच्या पल्याड, आवडा पोर कडेवर घेऊन उभी होती. बांगड्या भरायच्या जागी तिनं यायचं नसतं, म्हणून बाहेर, पावसात. भिवरानं तिला हाक मारली. "ये. बस हितं."

"अगं भिवरा," एक बाई पुटपुटली, "पंचमीच्या चुड्याच्या जागंवर..."

"जागा माझी हाय. घोंगडी माझी हाय. ये गं."

आवडा बसली. भिवरानं तिचा मोकळा हात घेतला आणि बांगडी भरायची असावी तसा चोळायला लागली. अंगठ्याचं मूळ, बोटं, पुन्हा अंगठ्याचं मूळ. किती तरी वेळ काही झालं नाही. मग हात सैल पडला.

"मी हात हालवलं, भिवराक्का," आवडा म्हणाली. "कुडामागं दोनी हात हालवलं. नगं, नगं म्हनून. लई हालवलं. वाजाया काय हाय त्यांत?"

असं म्हणतात, तेव्हा भिवराच्या कानात लहानपणापासून बसलेला अंधार तापला, आणि तिच्या पुढ्यातल्या माळांची काच पुन्हा भट्टीत घातल्यासारखी लाल झाली. ती उठली आणि तशीच पाटलाच्या वाड्यावर गेली.

हैबती पाटील सुपारी कातरत बसला होता.

"पाटील, आवडाचं पोर कुणाच्या सांगन्यावरनं देताय?"

"गावाच्या. बायांनी बी हो म्हटलंय. समद्या गावानं ऐकलं."

"म्या न्हाई ऐकलं."

पाटील सुपारी सांडेपर्यंत हसला. "तू बहिरी! तुला काय ऐकू येतंय?"

"व्हय, मला ऐकू येत न्हाई. म्हनून मला तोंडाकडं बघाया लागतं. तुमी कुनाच्या तोंडाकडं बघितलंसा?"

"चुडं वाजलं, कासारणी. तूच भरलेलं चुडं. उद्या पोर पदरात घालायचं. आता जा आन बांगड्या भर."

पण त्या गावात आणखी एक रीत होती. ठरलेली गोष्ट प्रत्यक्ष हातावेगळी करताना गावकीनं पुन्हा एकदा विचारायचं. नुसती रीत, सवाष्णीला निघताना कुंकू लावतात तशी. कुणी तिची फिकीर करत नव्हतं. भिवरानं केली.

ओसरीवर परत येऊन ती बायांना म्हणाली, "चुडं उतरवा."

एकच गलका झाला. कुणी कानावर हात ठेवले, कुणी म्हणाली पंचमीला अपशकून, कुणी म्हणाली ही बहिरी होती, आता येडी झाली.

"फोडा म्हनत न्हाई म्या," भिवरा म्हणाली. "म्या चढवल्यात, म्याच उतरवनार, एक बी वाढू द्यायची न्हाई. मनगटाला हळदीचा दोरा बांधते, कपाळाला कुंकू हायच. नवऱ्याचं आयुष्य ह्या काचंवर हाय व्हय? असंल, तर त्याला म्हनावं जपून चाल, दारात ठेचकाळू नगंस!"

कुणी हललं नाही. ज्या हातांनी कालपर्यंत डोळे पुसले, ते आता पदराखाली गेले. रडायला सगळ्या तयार होत्या. रडायला काही लागत नाही.

शेवटी चिमाआजी पुढं सरकली. तिचा म्हातारा आत खाटेवर खोकत होता. "माझं आधी काढ," ती म्हणाली, आणि या वेळी तिचे ओठ भिवराला लख्ख वाचता आले. "म्हातारा लई वरसं मरतोय. त्याला आनी कशाचं निमित्त नगं."

बाया हसल्या. हसल्या आणि एकेक हात पुढं आला. त्या बोलत गेल्या, हात सैल पडत गेले, बांगड्या निघत गेल्या. विहिरीचं बोलल्या, उताराचं बोलल्या, पोटातल्या पोटात घातलेली पिढ्यान्‌पिढ्यांची सगळी 'नाही' त्या ओसरीवर बोलून टाकली. एकही बांगडी वाढली नाही, असं म्हणतात.

एक हौसा तेवढी आली नाही. भिवरा तिच्या दारी गेली. हौसाच्या हातात नवा कोरा चुडा होता, बयाजीनं मुद्दाम तालुक्याहून आणलेला. गावानं तिला वांझ म्हणून म्हणून तिच्या अंगणातून जायचं सोडलं होतं. तिला पोर पाहिजे होतं; पाण्यातल्या माणसाला काठ पाहिजे असतो तसं. भिवरानं काही विचारायच्या आत ती भिंतीकडं तोंड करून काहीतरी बोलली. काय बोलली ते भिवराला कळलं नाही. तिनं हौसाचं मनगट धरलं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि ती निघून आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावकी भरली. पारावर पुरुष. कुडामागं बाया, त्यांच्यात भिवराही. मध्ये आवडा, पोराला छातीशी धरून. आणि तिच्या शेजारी, पोर पदरात घ्यायचं म्हणून, हौसा. सगळ्या मनगटांवर हळदीचे दोरे, आणि एकट्या हौसाच्या हातात काच. ती एक किणकिण पुरे होती. ती वाजली असती, की आवडाचं पोर गेलं.

बयाजीनं रुमाल सारखा केला. पाटलानं घसा खाकरला आणि रीतीप्रमाणं विचारलं, "बायांचं काय?"

काही वाजलं नाही.

पाटलाला वाटलं, कान भरले. त्यानं कानात करंगळी फिरवली. "बायांचं काय म्हनतो म्या?"

काही वाजलं नाही. असं म्हणतात, त्या वेळी पिंपळाचं पानसुद्धा हललं नाही. पिंपळाचं, जे वारा नसतानाही हलतं! गाईंच्या घंटा थांबल्या, कावळे चोच मिटून बसले, ओढ्याचं पाणी दगडांवरून चालता चालता जागच्या जागी उभं राहिलं. पारावरच्या एकेका पुरुषाला आपल्याच पोटातला आवाज ऐकू यायला लागला, आणि तो काही कुणाला आवडला नाही.

"हौसे!" बयाजी ओरडला. "ऐकलं न्हाईस का? हात हालव!"

हौसानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि उजव्या हातानं डावं. धरलं आणि आवळलं. आवळलं, आवळलं, इतकं आवळलं की चुड्याची काच मुठीतल्या मुठीत पिचली आणि कातडीत रुतली. रक्त कोपरांपर्यंत ओघळलं. पण आवाज? चकार नाही.

त्या शांततेत हैबती पाटलाच्या त्या नावाजलेल्या कानांना एक आवाज ऐकू आला. जन्मात पहिल्यांदा. पोर आईच्या अंगावर पीत होतं, त्याचा. गुटुक्. गुटुक्.

पाटील पारावरून उतरला. कुडाला वळसा घालून मागं गेला. त्या कुडामागं आजवर कुठला पाटील गेला नव्हता. त्यानं बघितलं, तर मोकळ्या मनगटांची रांगच्या रांग.

"समद्यांची मानसं मेली का काय?" तो कसाबसा म्हणाला.

"मेली न्हाईत," भिवरा म्हणाली. "जित्ती हायत. निस्ती ऐकत न्हाईत. आता विचारा, पाटील. एकेकीच्या तोंडाकडं बघून विचारा."

पाटील आवडासमोर उकिडवा बसला. "काय म्हननं हाय तुझं, बाई?"

आवडानं मान वर केली. "माजं पोर म्या देनार न्हाई."

एवढंच. एवढं ऐकायला त्या गावाला इतक्या पिढ्या लागल्या.

मग पाटील हौसाकडं वळला. हौसाचे हात अजून तसेच होते. ती म्हणाली, "मला पोर पायजे, पाटील. पर दुसरीच्या छातीवरनं तोडलेलं नगं." आणि मग तिनं मुठी सोडल्या.

बयाजी त्यावर काय बोलला, ते कुणी लक्षात ठेवलेलं नाही. गावानं एवढं एक बरं केलं.

कूड बायांनी त्याच दिवशी मोडला. पंचमीची पुरणाची दिंडं त्याच काटक्यांवर उकडली, आणि तशी दिंडं पुन्हा कधी झाली नाहीत म्हणतात. भिवरानं जिचा तिला चुडा परत चढवला. हौसाच्या मनगटांतल्या काचा तिनं दातांनी काढल्या, आणि त्यावर फडकं आवडानं बांधलं. पोर पुढं दोन्ही अंगणांत रांगलं.

भिवरा त्यानंतर पुष्कळ वर्षं येत राहिली. एका श्रावणात आली नाही. बाया वाट बघत घाटापर्यंत गेल्या, तर ओढ्याकाठच्या सपाट दगडावर तिची माळ ठेवलेली, एकही बांगडी न वाढलेली, आणि भिवरा कुठंच नाही. तो दगड म्हणजे भिवराई. ओढा वरून खळखळत येतो, खाली पुन्हा खळखळत जातो, पण त्या दगडाशी मुकाट वाहतो. तिथं तो ऐकतो, असं म्हणतात.

पंचमीच्या आदल्या दिवशी धोंडसावळीत आजही बाया त्या दगडाशी चुडे उतरवून ठेवतात आणि मनगटाला हळदीचा दोरा बांधतात. गुरांच्या घंटांत गवत कोंबतात. पुरुष खाली, ओल्या गवतावर बसतात, आणि त्यांनी बोलायचं नसतं. ज्या बाईचे हात एरवीही मोकळे, तिला आधी विचारतात. वर्षभर जे कुणी ऐकलं नाही ते ती सांगते, आणि ती सांगत असताना सगळ्या जणी, सगळे जण, हौसासारखं आपलं मनगट आपणच धरून बसतात. ती सवय तिथल्या माणसांच्या हाडात मुरली आहे. बाजारात, बसस्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर कुणी आपलं दुखणं सांगायला लागलं आणि ऐकणाऱ्यानं गपकन आपलं मनगट धरलं, की ओळखावं, हे माणूस धोंडसावळीचं.

आणि त्या गावात एखादा बाप्या चुकून म्हणालाच, "मी घरात विचारलं, तिचं होच आहे," तर कुठल्या तरी ओसरीवरून एखादी म्हातारी ओरडतेच:

"तोंडाकडं बघून विचारलंस का रं?"